एक्क्याऐंशीवी सही

सकाळी साडेनऊलाच मी वही कपाटातून काढून व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवली. टाक पुसला, दौतीत शाई भरली आणि शेवटच्या सहीपर्यंत बोटाने ओळी मोजल्या. ऐंशी सह्या झाल्या होत्या. एक्क्याऐंशीव्या ओळीखाली टीपकागदाची पट्टी लावून ठेवली, म्हणजे काटेखाये सरांना सही कुठे करायची ते शोधावं लागणार नाही.

डिसेंबर १९८७ची ही गोष्ट. पुरावनस्पती सभेचं एकोणपन्नासावं वार्षिक अधिवेशन नागपुरात, आमच्याच कॉलेजच्या भूशास्त्राच्या दालनात होतं. दगड झालेल्या झाडांचा अभ्यास करणाऱ्यांची ही सभा लहानशी, सगळे मिळून दोनशे माणसं. पायऱ्या मात्र चार होत्या. सहयोगी, सदस्य, फेलो आणि मानद फेलो. सहयोगीला मत नसतं. सदस्याला मत असतं, पण कुणाचं नाव सुचवता येत नाही. फेलोला सगळं करता येतं. वार्षिक फोटोत फेलो खुर्च्यांवर बसतात, सदस्य त्यांच्या मागे उभे राहतात आणि सहयोगी सगळ्यांत मागे, बाकावर चढून. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते, फेलो होऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या वर्षी सभेची मानद कार्यवाह होते.

नामदेव काटेखाये एकतीस वर्षं सहयोगी होते.

ते आमच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आणि डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाले. दगडाची चकती कापायची, काचेवर कार्बोरंडमची पूड घेऊन ती घासायची, घासत घासत कागदापेक्षा पातळ करायची, म्हणजे प्रकाश तिच्यातून आरपार जातो आणि सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडातल्या पेशी दिसतात. अशी एक पट्टी, म्हणजे स्लाइड, घासायला अर्धा दिवस लागायचा. त्यांनी तशा अकरा हजारांवर पट्ट्या केल्या. त्यांच्या दोन्ही तर्जन्यांच्या टोकांवर रेषाच उरल्या नव्हत्या.

त्यांचं नाव फेलोपदासाठी दोनदा सुचवलं गेलं आणि दोनदा ‘स्वतंत्र लेखन अपुरं’ म्हणून परत आलं. त्यांच्या नावावर दोनच टिपणं होती, दोन्ही चार-चार पानांची. तिसऱ्या वेळी प्रस्ताव मी लिहिला आणि सोबत अकरा हजार पट्ट्यांची यादी जोडली. एका मताच्या फरकाने ते निवडून आले.

पण निवडून येणं म्हणजे फेलो होणं नव्हे. नियम चौदा असा, की निवडीनंतरच्या तीन अधिवेशनांपैकी एकाला उमेदवाराने हजर राहावं आणि सर्वांसमक्ष, स्वतःच्या हाताने वहीत सही करावी. नाहीतर निवड रद्द, आणि त्या माणसाचं नाव पुन्हा सुचवता येत नाही. पहिल्या वर्षी सरांच्या पत्नीचं, काकूंचं, ऑपरेशन निघालं. दुसऱ्या वर्षी सर घरून वेळेवर निघाले आणि अधिवेशनाला पोचलेच नाहीत. संध्याकाळी ते सिव्हिल लाइन्समध्ये, सभेचे संस्थापक आणि आमचे जुने विभागप्रमुख प्राध्यापक दाबके यांच्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी उभे असलेले सापडले. दाबके सर वारून तेव्हा आठ वर्षं झाली होती, बंगल्यात कुठल्याशा सिमेंट कंपनीचं ऑफिस होतं.

हे तिसरं वर्ष होतं.

सव्वादहाला रिक्षा आली. काकू आधी उतरल्या आणि सरांचा हात धरून त्यांना उतरवलं. इस्त्रीचा करडा कोट, नवा मफलर, बूट चकचकीत. सर मला पाहून हसले आणि हात जोडून म्हणाले, “नमस्कार मॅडम. साहेब आले?”

मला वाटलं अध्यक्षांबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, येतीलच एवढ्यात.

काकूंनी मला बाजूला घेतलं. पिशवीतून दोनशे पानी वही काढून उघडून दाखवली. पानापानावर एकाखाली एक सरांची सही होती, एन. बी. काटेखाये, साधी, सुटी, शाळेतल्या मुलाच्या अक्षरासारखी.

“तीन आठवडे घोटवून घेतली,” काकू म्हणाल्या. “रोज आंघोळ झाली की दहा वेळा. लेकराले बाराखडी शिकवतो ना, तशी. सकाळी बरे असतात ते. दुपारून मग कुठं जातात कोण जाणे. बसलेले घरातच असतात, पण जातात.”

मी सहीची वेळ आठवली. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे ती साडेबाराला येत होती.

“तुम्हाले सांगते नलूताई,” काकू म्हणाल्या, “मले त्या फेलोचं काही समजत नाही. पण एकतीस वर्षांचे फोटो आहेत माझ्या पेटीत. एकात यांचं कपाळ दिसते, एकात अर्धा कान. एकात तर नुसता हात आहे, तो यांचाच आहे म्हणून मीच ओळखलं. एकदा खुर्चीवर बसलेले दिसू द्या.”

मी अध्यक्षांना गाठलं. डॉ. पुंडे साठीचे, दाबके सरांचे पन्नास सालातले विद्यार्थी. माणूस वाईट नव्हता. पण नियम हा त्यांच्या दृष्टीने घराचा पाया होता आणि पाया उकरून पाहायचा नसतो. मी म्हटलं, काटेखाये सरांची सही आधी घेऊ या, त्यांची प्रकृती दुपारी बरी नसते. त्यांनी मान हलवली. आधी श्रद्धांजली, मग इतिवृत्त, मग दाबके पदक, मग सही, हा क्रम आजवर कधी मोडलेला नव्हता.

“एकदा क्रम मोडला ना बाई,” ते म्हणाले, “की पुढच्या वर्षी कुणीतरी जेवण आधी मागेल.”

मी हसले. हसायला नको होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी, पण मी विचारलं नाही.

सभा सुरू झाली. सर पहिल्या रांगेत बसले होते, काकू त्यांच्या शेजारी. पहिला तासभर ते ताठ होते. इतिवृत्त मी वाचलं. मग खजिनदार उठले आणि चाळीस मिनिटं बसले नाहीत. मी वरून सरांकडे पाहत होते. त्यांचे डोळे हळूहळू समोरच्या माणसांवरून निघून भिंतीवर गेले आणि तिथेच राहिले. काकूंनी दोनदा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दाबके पदक देण्याआधी दाबके सरांच्या १९६१च्या अध्यक्षीय भाषणातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायची प्रथा आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ होता. त्या वर्षी तो जबलपूरच्या एका तरुण सदस्याने वाचला.

“लाकडाचा दगड होतो तेव्हा त्याचा एकेक कण जातो आणि त्या जागी दुसरा येतो. घाई नसते. आकार तसाच राहतो, रेषा तशाच राहतात, आणि पाहणारा म्हणतो, हे झाड आहे. आपणही म्हणतो. पण त्यात झाडाचं काही उरलेलं नसतं, हे आपण विसरू नये.”

सरांचे ओठ हलत होते. मी नीट पाहिलं. ते वाचणाऱ्याच्या मागोमाग नव्हते, पुढे होते, अर्ध्या शब्दाने. तिसऱ्या वाक्याला त्या मुलाने ‘रेषा’ आधी घेऊन ‘आकार’ नंतर वाचला, तेव्हा सरांनी कपाळाला आठी घातली आणि उजव्या हाताच्या बोटाने हवेत एक छोटी खूण केली, मुद्रितशोधनात दोन शब्दांची अदलाबदल दाखवायला करतात तशी.

मला वाटलं, भक्ती. हे भाषण त्यांनी टंकलिखित केलं असणार, म्हणून पाठ.

एक वाजायला दहा मिनिटं असताना डॉ. पुंड्यांनी नाव पुकारलं. काकूंनी सरांना उठवलं आणि पायरीपर्यंत आणलं, पुढे मी हात दिला. जुन्या लोकांना सर ठाऊक होते. कित्येकांनी त्यांच्याच पट्ट्यांवर डॉक्टरेट केली होती. मागच्या बाजूला सहयोगी बसले होते, त्यातले दोघे-तिघे नीट दिसावं म्हणून उभे राहिले.

सर खुर्चीवर बसले. वहीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख आली. सकाळपासून मी ती पाहिली नव्हती. पाठ सरळ झाली, कोटाची बाही मनगटावरून वर गेली.

“काय आलंय सहीला?” त्यांनी विचारलं.

मी ओळ दाखवली. त्यांनी टाक उचलला, दौतीच्या काठावर निब एकदा टेकवून जास्तीची शाई झटकली आणि एका दमात सही केली. तंबूच्या खांबासारखा उंच ए, त्याच्या पायातून निघालेला व्ही, डीचा गोल मागे जाऊन पुन्हा पुढे आलेला, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बाजूला तारीख, महिना रोमन अंकात.

ए. व्ही. दाबके.

त्यांनी टीपकागद दाबला, उचलून पाहिलं, वही माझ्याकडे सरकवली.

“आणखी आहेत?” ते म्हणाले.

मी वहीकडे बघत राहिले. समोर टाळ्यांसाठी हात तयार होते. प्रथेप्रमाणे अध्यक्षांनी सही पाहायची, उमेदवाराचा हात हातात घ्यायचा आणि ‘आपण दाखल झालात’ म्हणायचं. डॉ. पुंडे हसऱ्या चेहऱ्याने वाकले. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखा झाला. ते मला हळूच म्हणाले, “हे काय आहे?”

मी सरांपाशी वाकले. म्हटलं, सर, खालच्या ओळीत तुमचं नाव लिहा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते रागाने नव्हे. विभागात नवीन आलेल्या, रीत ठाऊक नसलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

“माझं नाव यात नसतं,” ते म्हणाले.

काकू कधी वर आल्या मला कळलं नाही. त्या सरांच्या मागे उभ्या राहून वहीकडे बघत होत्या. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांना वाचावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आज त्यांची नाही. आज तुमची करा. घरी करत होते ना, तशी.”

“साहेबांना विचारलं का?”

“विचारलं. ते हो म्हणाले.”

सरांनी टाक पुन्हा उचलला. ब्याऐंशीव्या ओळीवर धरला. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो आणि समोर दीडशे माणसं बसली होती. निब कागदापासून एक सूतभर वर थांबला होता. मी घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं नाही, पण दोन मिनिटं तरी गेली असतील. शाईचा थेंब निबच्या टोकाशी जमला आणि ओळीवर पडला. सरांनी पटकन टाक ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि मला म्हणाले, “माफ करा. कागद खराब झाला. मी पुन्हा टाइप करून देतो.”

डॉ. पुंड्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

व्यासपीठामागच्या खोलीत पुंडे सर, काकू आणि मी बसलो. दाराच्या फटीतून सर दिसत होते. पदक मिळालेला तरुण त्यांच्याशी काहीतरी बोलत होता आणि सर मान डोलावत होते.

पुंडे सर म्हणाले, हे असं नोंदवता येणार नाही. मी म्हटलं, नियमात स्वतःच्या हाताने सही करावी एवढंच आहे, आणि हात त्यांचाच होता, सर्वांनी पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही शास्त्रज्ञ आहात. वकिली करू नका.”

मग त्यांनी काकूंना विचारलं. तिरकसपणाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, की ही सही काटेखाय्यांना इतकी हुबेहूब येते कशी.

काकू सावकाश बोलल्या. साहेबांचे दौरे असत, दिल्ली, लखनौ, कलकत्ता. कागद अडून राहत, पोरांचे अर्ज तुंबत. मग साहेबच एकदा म्हणाले, नामदेव, तूच कर माझी. आधी रजेच्या अर्जांवर केली. मग पत्रांवर. मग पत्र लिहायलाही साहेबांना सवड होईना, तेव्हा पत्रही यांनीच लिहिलं. मग विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची प्रकरणं तपासायला यायला लागली. मग भाषणं. साहेब येऊन वाचायचे आणि म्हणायचे, मी हेच लिहिणार होतो. “साहेब वाईट नव्हते,” काकू म्हणाल्या. “दर दिवाळीला मले लुगडं यायचं. आणि यांना राग नव्हता, उलट आनंद होता. म्हणायचे, आपण सांगितलं तर कोण ऐकते, साहेबांनी सांगितलं की जग ऐकते. मी एकदाच म्हटलं होतं, एका कागदावर तरी तुमचं टाका. तर म्हणे, तू गप बस, तुले कळत नाही.”

मी वही उघडली. पहिलं पान काढलं. पहिली सही १९३९ सालची, दाबके सरांचीच, सभेचे संस्थापक म्हणून. अक्षर बारीक, दाटीचं, डावीकडे कललेलं. ए आखूड. रेघ नाही, टिंबं नाहीत, महिना साध्या अंकात. मी ते पान आणि एक्क्याऐंशीवी ओळ आळीपाळीने पाहिली, चार वेळा, दोन पट्ट्या ताडून पाहाव्यात तशी. दोन्ही हात वेगळे होते. यात मत असण्याचा प्रश्न नव्हता.

आणि मला ठाऊक असलेली दाबक्यांची सही ही दुसरी, एक्क्याऐंशीव्या ओळीतली होती. माझ्या प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाखाली तांबड्या पेन्सिलीने होती ती ही. समासातले शेरे त्याच हातचे. ‘येथे घाई झाली आहे.’ ‘हे तुम्हांला खरोखर दिसले की दिसावेसे वाटले?’ त्या एका शेऱ्याने मला पाहायला शिकवलं होतं. मी विद्यार्थ्यांना तो दाबके सरांचा म्हणून अठरा वर्षं सांगत आले होते. ७६ साली माझं नाव फेलोपदासाठी सुचवणारं पत्र आलं, त्याखालीही हीच सही होती, हीच दोन टिंबं. ज्या माणसाने ते लिहिलं त्याला तेव्हा नाव सुचवायचा अधिकारच नव्हता. तो सहयोगी होता.

मी वही पुंड्यांपुढे सरकवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, दोन्ही पानं पाहिली. बराच वेळ पाहिली.

“माझ्या दिवाणखान्यात एक पत्र आहे,” ते म्हणाले. “चौकटीत. छप्पन साली मला नोकरी मिळाली ती त्या पत्रावर.”

मग त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हाताचा पंजा ठेवला.

बाहेर कपबशांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा अध्यक्षांचा झाला होता. यातून काय निष्पन्न होणार होतं? दाबके पदक पंचवीस जणांना दिलेलं. दाबक्यांच्या नावावरचे दोन खंड अजून विद्यार्थ्यांच्या हातात. पुरावा म्हणजे काय, एका आजारी माणसाने चुकून केलेली सही. तो माणूस स्वतः साक्ष देऊ शकत नाही. आणि दिली तर तो आधी स्वतःलाच दोषी ठरवील, कारण दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे, हे मी ध्यानात घ्यावं.

ते मी ध्यानात घेतलं. त्यांचं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं.

ते काकूंकडे वळले. म्हणाले, कार्यकारिणी काटेखाय्यांना मानद सहयोगी करू शकते, ही जागा चार पायऱ्यांबाहेरची, तिला सही लागत नाही, आजच करू.

“त्यात कोण असतात?” काकूंनी विचारलं.

त्यात निवृत्त ग्रंथपाल होते, खाणींची परवानगी देणारे एक-दोन अधिकारी होते, आमचे फोटोग्राफर होते. पुंडे सरांनी तसं सांगितलं नाही, म्हणाले, सभेचे हितचिंतक.

“म्हणजे पुन्हा सहयोगीच,” काकू म्हणाल्या.

“मानद.”

“राहू द्या.” त्यांनी पदर सावरला. “मले एकच सांगा. त्यांनी सही तर केली ना? सगळ्यायच्या समोर केली. मग ती ओळ आता कोणाची?”

पुंडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. इतिवृत्त लिहिणं कार्यवाहाचं काम होतं. मी काकूंना म्हटलं, पाहते. मला ठाऊक होतं की पाहण्यासारखं काही नाही, आणि काकूंनाही ते ठाऊक झालं. त्या उठल्या आणि दाराकडे जाता जाता थांबून म्हणाल्या, “फोटोले तरी बसू द्या.”

“बसू द्या की,” पुंडे सर लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की त्यांना किती हायसं वाटलं ते दिसलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुंडे सरांनी स्वतः काटेखाये सरांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत आणलं आणि मधली खुर्ची दाखवली. सर खुर्चीजवळ गेले, तिची पाठ धरून ती इतर खुर्च्यांच्या ओळीत सरळ केली, शेजारची खुर्ची दोन बोटं मागे घेतली, लांब जाऊन एक डोळा मिटून ओळ पाहिली. मग मागच्या बाकाकडे निघाले.

काकूंनी त्यांचा कोट धरला. “बसा ना. तुमच्यासाठीच ठेवली आहे.”

“अगं, ती फेलोंची जागा असते,” सर म्हणाले. तिला समजावं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “लोक पाहताहेत. असं करू नये.”

ते बाकावर चढले. दोन तरुण सहयोग्यांनी त्यांना हात दिला. काकू तिथेच उभ्या होत्या, फोटोग्राफरने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

इतिवृत्त मी जेवणाआधी लिहिलं. ‘निर्वाचित फेलो श्री. एन. बी. काटेखाये हे प्रकृतीच्या कारणास्तव वहीत सही करू शकले नाहीत. नियम चौदानुसार त्यांची निवड रद्द झाली आहे.’ दोन वाक्यं. अक्षर चांगलं आलं. एक्क्याऐंशीव्या ओळीबद्दल काही लिहिलं नाही. वहीतली सही खोडायची फक्त हकालपट्टी झाल्यावर असते, त्यामुळे तीही तशीच राहिली. पुढे मी आणखी नऊ वर्षं कार्यवाह होते. नव्या फेलोंपैकी कुणीतरी कधी विचारायचा की दाबक्यांची सही दोनदा कशी, आणि एक तर ते वारल्यावरच्या तारखेची. मी म्हणायचे, ती एक जुनी चूक आहे. ९४ साली दाबके पदक मला मिळालं. मी ते घेतलं.

त्या दिवशी दुपारी तीनला मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. काकू आधी आत बसल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. सर बसताना थांबले, खिसे चाचपले, मग मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटली. फक्त ती आजची नव्हती.

“तुम्ही तिसऱ्या प्रकरणासाठी आला असाल,” ते म्हणाले. “झालंय. दोन ठिकाणी जरा सुधारलं आहे, बाकी उत्तम आहे. साहेब फार खूश आहेत तुमच्यावर. सही झालेली आहे, उद्या घेऊन जा.”

रिक्षावाल्याने हँडल ओढलं. काकूंनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते ते ऐकायला.

“साहेबांना माझा नमस्कार सांगा,” मी म्हटलं.

“सांगतो,” सर म्हणाले, आणि रिक्षा निघाली.